कपाळावरचा शेवटचा हात

माझ्या संसारात एक सवत होती. ती बाई नव्हती, दाढीवाला फ्रेंच म्हातारा होता, आणि मी लग्न होऊन आगरदांड्याला आले त्याच्या कितीतरी आधी तो मरून गेला होता. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे. ह्यांच्या ट्रंकेत कपडे नावापुरते, आणि त्याखाली या म्हाताऱ्याच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक. मुंबईत शिकत असताना रद्दीवाल्याकडून आणलेलं. लोकांचे नवरे नव्या नवरीला माथेरान दाखवतात. मला पहिल्या आठवड्यात ते पुस्तक दाखवण्यात आलं. तेसुद्धा साबणाने हात धुऊन आल्यावर.

म्हाताऱ्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. मी म्हणते, हे दुरुस्त करतात, आणि ह्यांनी दुरुस्त केलेलंही चुकीचंच असणार असा मला दाट संशय आहे. म्हणून आमच्या घरात तो नुसता ‘म्हातारा’. नवऱ्याचं नाव घ्यायची तर मला उखाण्यापलीकडे सवयच नाही. तेव्हा इथे कोणाचंच नाव येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

म्हाताऱ्याची कहाणी मी इतक्यांदा ऐकली आहे की आता तो मला माहेरच्या नात्यातला वाटतो. बाप घोड्यांची खोगिरं शिवायचा. पोराने दुकानात बसावं ही त्याची इच्छा, आणि पोरगा गिऱ्हाइकांचे घोडे कोळशाने भिंतीवर काढत बसलेला. गावातल्या चार शहाण्यांनी वर्गणी काढून त्याला पॅरिसला धाडलं. तिथल्या कलाशाळेत रंगाला हात लावू देत नसत. आधी प्लास्टरचे पुतळे समोर ठेवायचे आणि त्यांचे नाक, कान, हात, पाय काढत राहायचं. हात बसला की मग जिवंत माणूस समोर बसवायचा, आणि मग कुठे रंग. हे सांगताना ह्यांचा आवाज कीर्तनकाराला लागतो तसा लागायचा.

आता प्लास्टरचे फ्रेंच हातपाय आगरदांड्यात कुठून यायचे? ह्यांनी त्यावरही तोड काढली. पेणला गणपतीच्या कारखान्यात जाऊन मोडक्या, टाकून दिलेल्या मूर्तींचे हात आणि पावलं पोत्यात भरून आणली. आमच्या फडताळात वरच्या फळीवर आशीर्वादाचे हात ओळीने मांडलेले असायचे. सासूबाई आंघोळ झाली की देवांना आणि मग त्या हातांना नमस्कार करायच्या. प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, नुसतं प्लास्टर आहे, असं ह्यांनी कितीदा समजावलं. सासूबाई म्हणायच्या, असू दे, आपलं काय जातंय.

पुढे म्हातारा मोठा झाला. पॅरिसात दरवर्षी चित्रांचं भलंमोठं प्रदर्शन भरायचं, भिंती छतापर्यंत चित्रांनी भरायच्या. ज्याचं चित्र नजरेच्या उंचीवर लागलं त्याचं नशीब उघडलं. म्हाताऱ्याचं चित्र कायम नजरेच्या उंचीवर. पदकं मिळाली, सरदार-सावकार दारात आले, ज्या शाळेत शिकला तिथेच गुरुजी झाला. तरी उजाडायच्या आत कामाला उभा राहायचा तो उजेड मावळेपर्यंत. त्याची खासियत कातडी. रंगाचा पातळ हात, तो वाळला की दुसरा, तो वाळला की तिसरा, असं करत करत गालाखाली रक्त आहे असं वाटेपर्यंत जायचं, आणि सबंध चित्रावर कुंचल्याचा ओरखडा म्हणून दिसू द्यायचा नाही.

मग नवी पोरं आली. ती रंगाच्या पेट्या घेऊन शेतात गेली, ऊन काढू लागली, कुंचल्याचे फटकारे मुद्दाम ठेवू लागली, आणि म्हाताऱ्याला हसू लागली. चाटूनपुसून गुळगुळीत केलेली चित्रं, असं ती पोरं म्हणाली. तो गेला तशी त्याची चित्रंही भिंतींवरून उतरून तळघरात गेली. आता म्हणे पुन्हा वर काढली आहेत आणि माणसं रांगा लावून बघतात. मधल्या काळात, सगळ्या जगाने टाकला तेव्हा, म्हातारा आमच्याकडे जेवायला होता असं मी म्हणायची.

ह्यांनाही मुंबईत हसलेच होते. वर्गातले दोस्त म्हणायचे, कॅमेरा निघून जमाना झाला, तू अजून कातडी घोटत बस. हे शिकणं संपवून गावी परत आले. मग शाळा, आणि शाळेबाहेर गावाचं सगळं रंगकाम. होड्यांवर नावं, गणपतीच्या मखरामागचे पडदे, लग्नाच्या कमानी, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शौचालयाचं महत्त्व. कशाला नाही म्हणाले नाहीत. फक्त कधीतरी संध्याकाळी ते पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे आणि मला बोलवायचे.

एका चित्रावरून आमचं हमखास भांडण व्हायचं. विहिरीच्या कडेला गरीब घरची पोर बसली आहे, घागर शेजारी, झगा ठिगळाचा, आणि पाय अनवाणी. पण ते पाय! टाचेला भेग नाही, नखात माती नाही. मी म्हणायची, तुमच्या म्हाताऱ्याने जन्मात कोणाला पाणी भरताना पाहिलेलं नाही. हे म्हणायचे, पाहिलं होतं, म्हणूनच तसे काढले. तिला खरोखरीत जे मिळालं नाही ते त्याने चित्रात दिलं. मी म्हणायची, त्यापेक्षा वहाणा द्यायच्या. यावर हे पुस्तक मिटायचे.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी ठरवलं की आता एक चित्र काढायचं. एकच, पण म्हाताऱ्याच्या पद्धतीने, पहिल्या रेघेपासून शेवटच्या हातापर्यंत, कुठेही घाई न करता. आणि नेमका तेव्हाच उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा. अलिबागच्या डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं की हा कंप जाणार नाही, गोळ्यांनी थोडा आवरेल, आणि हळूहळू वाढेल. परतीच्या एसटीत हे खिडकीबाहेर बघत होते. रेवदंड्याचा पूल गेला तेव्हा म्हणाले, एक चित्र होईल तेवढा वेळ आहे. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं. मला मात्र त्या घटकेला तो म्हातारा, त्याची ती ओरखडा नसलेली कातडी, सगळ्याचा मनस्वी राग आला. हे दोस्तांसारखे फटकारे मारत असते तर थरथर चालूनसुद्धा गेली असती.

चित्रात कोणाला बसवायचं हे त्यांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. दिघीकडून लाँचने सुकी मासळी घेऊन एक बाई आमच्या गावात यायची. माझ्याच वयाची, थोडी धाकटी. नवरा खलाशी होता, तो तरुणपणीच गेला, आणि तिने टोपलीवर दोन पोरं वाढवली. आमच्या पडवीत टेकून पाणी प्यायची आणि परतीच्या लाँचची वाट बघत खाडीकडे तोंड करून बसायची. ते बसणंच ह्यांना हवं होतं. विचारलं तेव्हा ती आधी हसली. म्हणाली, आधारकार्डावर माझा फोटो चोरासारखा आलाय, तुम्ही तरी बरा काढा. बसण्याच्या बदल्यात काय, तेही तिनेच ठरवलं. चहा, आणि टोपलीत उरेल ते सगळं आम्ही घ्यायचं. त्या हिवाळ्यांत आमच्याकडे जवळ्याची चटणी, सुकटाचं कालवण आणि बोंबलाची भाजी यांखेरीज चौथा पदार्थ झाला नसेल.

चित्र हिवाळ्यांतच व्हायचं, कारण आमच्याकडे पावसात तेलरंग वाळत नाही. दसरा झाला की ह्यांचा रंग सुरू आणि शिमग्यानंतर हवा दमट व्हायला लागली की बंद. पहिल्या हिवाळ्यात नुसती कोळशाची माणसाएवढी आकृती आणि त्यावर राखाडी-तपकिरी रंगात सगळ्या सावल्या. ती बघून मासळीवाली म्हणाली, मास्तर, मला मशेरी फासलीय काय. दुसऱ्या हिवाळ्यात लुगडं, टोपली, हात. तिच्या हातांच्या शिरा ह्यांनी एकेक करून काढल्या. पायांच्या भेगाही काढल्या. मी म्हटलं, म्हाताऱ्याने असं केलं नसतं. हे म्हणाले, हिचे पाय मला बघायला मिळाले, त्याच्या पोरीचे त्याला.

तिसऱ्या हिवाळ्यात चेहरा उरला होता आणि हात फार वाईट झाला होता. सकाळची गोळी लागू पडली की थोडा वेळ तो शांत व्हायचा. तेवढ्यात जे होईल ते. डाव्या हातात बांबूची काठी, तिच्या टोकाला चिंध्यांचा बोळा. ती चित्रावर आडवी टेकवायची आणि तिच्यावर उजवं मनगट ठेवून कुंचला चालवायचा. सगळ्यात अवघड होतं कपाळ. तिचं कपाळ रुंद, मोकळं, पडवीतला सगळा उजेड तिथेच पडलेला. हाताला, लुगड्याला थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं, कपाळावर काहीच लपत नाही. दिवसाला बोटभर जागा व्हायची. कधी तीही पुसून टाकावी लागायची. मग हे जेवायचे नाहीत आणि मी बडबडायची, आणि दोघांनाही ठाऊक असायचं की राग एकमेकांवर नाही. मी देवाजवळ दुसरं काही मागत नव्हते. कपाळ होऊ दे, एवढंच.

आणि झालं. संक्रांतीनंतर एका सकाळी शेवटचा पातळ हात बसला. हे मागे सरकून, भिंतीला टेकून बघत राहिले. म्हणाले, हा वाळला की तिला एकदा शेजारी बसवून ताडून बघू, काही राहिलं नसेल तर संपलं. पडवीत खारा वारा आणि बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ, म्हणून ओलं चित्र आत आणून माजघराच्या भिंतीला पाटावर टेकवून ठेवलं. ओल्या रंगावर चादर टाकता येत नाही, म्हणून मी राखणीला समोर एक खुर्ची आडवी घातली.

त्याच आठवड्यात माझं हळदीकुंकू. माणगावहून जाऊबाई मदतीला आल्या होत्या. जाऊबाईंना चष्म्याशिवाय समोरचा माणूस म्हणजे अंदाज, पण चार बायकांत चष्मा लावायचा नाही हा त्यांचा बाणा. दुपारपासून बायका येत होत्या. गर्दी वाढली तशी ती राखणीची खुर्ची कोणीतरी बसायला ओढून घेतली. माझ्या लक्षात आलं नाही. भिंतीला लागून सतरंजीवर बायकांची ओळ आणि ओळीच्या टोकाला, पाटावर, चित्र.

मासळीवालीही त्याच दिवशी येऊन ठेपली. तिला ठरलेल्या दिवशी यायचं ठाऊक, आमच्या घरचं हळदीकुंकू ठाऊक नव्हतं. बायका बघितल्या आणि ती न सांगता घराला वळसा घालून मागच्या दारी जाऊन बसली. आमच्याकडे नवरा गेलेली बाई हळदीकुंकवाला बसत नाही. कोणी हाकलत नाही, तीच येत नाही. मी तिला चहा नेऊन दिला, तिने घेतला, दोघींनाही त्यात वावगं काही वाटलं नाही. हे बाहेर पडवीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते.

दिवेलागणीला वीज गेली. समई होतीच. जाऊबाई करंडा घेऊन ओळीने हळदीकुंकू लावत निघाल्या आणि मी वाणाच्या चाळण्या आणायला स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई एकेकीपुढे वाकत टोकाला पोचल्या. तिथे एक बाई गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसलेली, कपाळ मोकळं.

“ही एक राहिलीच की,” जाऊबाई म्हणाल्या, आणि आधी हळदीचं, मग कुंकवाचं बोट तिच्या कपाळाला टेकवलं.

बोटाला चिकट लागलं तेव्हा त्यांना कळलं. मी चाळण्या घेऊन आले तर सगळं माजघर हसण्याने फुटत होतं. जाऊबाई स्वतःच सगळ्यांत जास्त हसत होत्या. एक जण म्हणाली, मास्तर पास झाले, चित्राने हळदीकुंकू घेतलं. मीही हसले. जिवंत माणूस समजून बसावं यापरती चित्राला पावती कुठली, असं माझ्या मनात आलंसुद्धा. मग मी मागच्या दाराकडे बघितलं. हसण्याचा आवाज ऐकून ती उंबऱ्याशी येऊन उभी राहिली होती, हातात चहाचा कप. समईच्या उजेडात ती चित्राकडे बघत होती. एकेक बाई वळून बघायला लागली आणि एकेक गप्प झाली, कारण जाऊबाई सोडल्या तर तिच्याकडून मासळी घेत नाही अशी त्यांत कोणी नव्हती. जाऊबाईंना काही कळेना, त्या अजून हसत होत्या.

बायका वाण घेऊन लगबगीने गेल्या. वीज आली. मी ह्यांना आत बोलावलं आणि काय झालं ते सांगितलं. कुंकू जरा डावीकडे लागलं होतं, खाली हळदीची पिवळी कड, आणि ओल्या रंगात बोटाचा ठसा चांगला रुतलेला. रबर हरवला तर घर डोक्यावर घेणारा माणूस, पण आवाज चढला नाही. म्हणाले, रंग ओला आहे तोवर टर्पेंटाइनने निघेल, उद्या निघणार नाही. कपाळाचा वरचा हातही त्याबरोबर जाईल. मग पुन्हा करू.

पुन्हा करू, असं ते म्हणाले आणि मी त्यांच्या हाताकडे बघितलं. सकाळच्या गोळीचा जोर केव्हाच उतरला होता. हात खिशात घातला होता तरी सदरा हलत होता. हिवाळा संपत आला होता, आणि पुढच्या हिवाळ्यात हा हात काय करू शकेल हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

जाऊबाईंना एव्हाना मी बाजूला घेऊन चित्रातली बाई कोण ते सांगितलं होतं. त्या रडकुंडीला आल्या होत्या. करंडा घेऊन तिच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या की हल्ली कोणी पाळत नाही, ये, मी तुलाही लावते. ती एक पाऊल मागे झाली.

“मला नको, ताई. उद्या बाजारात बसायचंय. लोक मासळी सोडून कपाळच बघत बसतील.”

तिने ते हसूनच सांगितलं. जाऊबाईंनी करंडा मिटला.

ह्यांनी तोवर कापूस बाटलीत बुडवला होता. काठी घेतली, चित्रावर टेकवली, तिच्यावर मनगट ठेवलं. तरी हात थांबेना. कापूस कपाळापासून वीतभर अंतरावर नुसता हलत होता. मला ते बघवत नव्हतं आणि पुढे होऊन हात धरायचाही धीर होत नव्हता. तेव्हा ती आत आली. इतक्या हिवाळ्यांत ती पडवीच्या आत कधी आली नव्हती. कप तिने जमिनीवर ठेवला आणि चित्राजवळ उभी राहिली.

“मास्तर,” ती म्हणाली, “माजं एकदा पुसून झालंय. तिचं नका पुसू.”

 हे तिच्याकडे बघत राहिले, मग चित्राकडे. इतकी वर्षं ज्या कातडीसाठी ह्यांनी जीव आटवला, ती तिथे एका बोटाने फिसकटलेली होती, आणि कपाळाखाली चित्रातले तिचे डोळे खाडीकडे लागलेले. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. ह्यांनी काठी भिंतीला लावून ठेवली, कापूस डब्यात टाकला. बाटलीचं बूच त्यांच्या हाताने लागेना म्हणून मी लावलं.

“झालं,” ते तिला म्हणाले. “चित्र पुरं झालं.”